शब्द ऐकू आला पाहिजे

हुमनाबादेस आमच्या गल्लीत एक लहानसे दत्तमंदिर आहे. गावाला लागूनच माणिकनगर. १८६५ साली समाधिस्थ झालेल्या श्रीमाणिकप्रभूंची तेथील गादी, दत्तजयंतीचा दरबार आणि दरबारात सेवा रुजू करणारे गवई यांची कीर्ती वाचकांस ठाऊक असेलच. त्या मोठ्या प्रवाहाचा एक बारीक पाट आमच्या गल्लीतून वाहतो, इतकेच. दर गुरुवारी भजन होते. प्रभूंची पदे मराठीत आहेत, कन्नडात आहेत, हिंदुस्थानीत आहेत. आणि ती तिन्ही तितक्याच सहजतेने म्हणणारी माणसे सीमेवरच्या या गावात अद्याप आहेत. माझी आत्या त्यांपैकी एक. तिचे वय चौऱ्याऐंशी. काही पदांच्या चाली अशा आहेत की आमच्या मंडळीत त्या तिच्याच कंठात उरल्या आहेत. पुस्तकात शब्द सापडतात, चाल सापडत नाही.

तीन वर्षांपूर्वी आत्याने भजनास येणे बंद केले. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "आवाज पुष्कळ आहे रे, पण त्यात पद कुठंय?"

मंदिरात त्या वेळी दोन कर्णे होते, एक कळसाकडे तोंड करून आणि दुसरा सभामंडपात. कर्णा हे यंत्र मैदानासाठी आहे. थोड्या विजेत तो आवाज दूर फेकतो हा त्याचा गुण. परंतु खर्जाचे स्वर त्याच्यातून उतरतच नाहीत आणि वरचे मधले स्वर टोचू लागतात. त्यात आमचा मंडप दगडी. भिंतीवरून परतलेला ध्वनी पुढच्या शब्दावर येऊन आदळतो आणि 'स', 'त', 'क' ही नाजूक व्यंजने त्या कल्लोळात बुडून जातात. शब्दाचा अर्थ तर व्यंजनांवरच उभा असतो! गोमंतकातील देवळांच्या विस्तीर्ण मंडपांत आरती ऐकलेल्यांना हा अनुभव निराळा सांगावयास नको. बाहेरच्या कर्ण्याविषयी शेजाऱ्यांची कुरकुर होती ती वेगळीच, आणि ती रास्तही होती. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावू नये असा नियम २००० सालापासून आहे. आमचे भजन मात्र दत्तकृपेने नेहमीच लांबते.

मी निवृत्त मास्तर. तारुण्यात रेडिओ जुळविण्याचा नाद होता. कमिटीपुढे मी शब्द टाकला की कर्णे उतरवा, मी घरी पेट्या तयार करतो. "मास्तर, दुकानात तयार मिळतात की," असे एका सभासदाने म्हटले. ते खरेच होते. पण हट्टाला पेटलेल्या माणसाला खरे कधी पटते?

सहा इंची शंकूचे आठ ओहमचे आठ नग आणले. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी जी रचना प्रसिद्ध केली तीच आजही बहुतेक ठिकाणी चालते: चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटविलेला कागदी शंकू. गाण्याची वीज वेटोळ्यातून फिरली की शंकू मागेपुढे हलतो आणि हवेला ढकलतो. एक नग नुसता हातात धरून वाजविला तर आवाज डब्यात बोलल्यासारखा किरटा येतो. शंकू पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची विरळ करतो. हा पुढचा आणि मागचा ध्वनी कडेने वळून एकमेकांस भेटतात आणि खालचे स्वर परस्परांस खाऊन टाकतात. म्हणून पेटी हवी. पेटी म्हणजे शोभा नव्हे, ती भिंत आहे. आमच्याकडे काही हौशी लोक मातीच्या माठात स्पीकर बसवितात. माठाला समोरासमोरच्या सपाट भिंती नसतात हे चांगलेच. पण पोट मोठे आणि तोंड अरुंद राहिले तर तो एकाच स्वराला घुमतो, जणू मागे कोणी घटम् घेऊन बसला आहे.

मी सुताराकडून पाऊण इंची प्लायवूडच्या दोन उंच, अरुंद पेट्या करविल्या आणि प्रत्येकीत चार नग एकावर एक बसविले. अशा उभ्या ओळीचा ध्वनी आडवा पसरतो, वरखाली फारसा जात नाही. म्हणजे छताला न देता तो बसलेल्या माणसांना मिळतो. दोन दोन नग एकापुढे एक जोडले आणि त्या दोन जोड्या समांतर जोडल्या. हिशेब पुन्हा आठ ओहमचाच. आत जुन्या घोंगडीचे तुकडे भरले. धनगरी लोकर पोटातला गोंगाट कशी गिळते ते पाहून मी थक्क झालो.

पहिल्या गुरुवारी फजिती झाली. डावी पेटी घशात काही अडकल्यासारखी बोलू लागली. दुसऱ्या दिवशी दीड व्होल्टचा एक सेल घेऊन नगामागून नग तपासला. सेलचे धन टोक नगाच्या धन टोकाला क्षणभर टेकविले की शंकू पुढे यावयास हवा. तीन पुढे आले, एक मागे गेला. मीच तारा उलट डाखल्या होत्या. तिघे ढकलीत असता चौथा ओढीत होता; आमच्या कमिटीचे कामकाजही पुष्कळदा असेच चालते.

मग दुसरे दुखणे. हार्मोनियमच्या एका ठराविक पट्टीला उजवी पेटी झणझणे. शंकू फाटला असावा अशी धास्ती वाटली. बोटांनी हलकेच दाबून पाहिला, वेटोळे कोठे घासत नव्हते. शेवटी पेटीवर जागोजाग तळहात दाबीत गेलो तेव्हा पाठीमागच्या फळीपाशी आवाज थांबला. फट राहिली होती. लांबी भरली, खाली नमद्याची पट्टी दिली, काम झाले. तिसरे दुखणे घों-घों असा अखंड गुणगुणाट. तो केवळ विजेचा तंबोरा जोडला म्हणजे येई. तंबोरा एका भिंतीवरून वीज घेत होता आणि अँप्लिफायर दुसऱ्या. दोन ठिकाणच्या जमिनीच्या तारांतून फेरा पूर्ण होत होता. दोन्ही एकाच फळीवर घेतले. कोणी म्हणाले, अर्थची तार कापून टाका. तो सल्ला मी ऐकला नाही आणि वाचकांनीही कधी ऐकू नये. गुणगुणाटाने माणूस मरत नाही.

शीळ उठे ती पेट्या माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूस सरकविताच थांबली. मागच्या रांगांसाठी आणखी एक जोडी लावावी असा आग्रह झाला. उसन्या पेट्या आणून लावूनही पाहिल्या. पण ध्वनीला सतरा मीटर चालून यावयास सेकंदाचा विसावा भाग लागतो, तारेतून गेलेल्या विजेला काहीच वेळ लागत नाही. मागे बसलेल्यांना प्रथम जवळच्या पेटीचा शब्द आणि मग पुढच्याचा, अशी प्रत्येक शब्दाला सावली पडू लागली. त्या पेट्या परत केल्या, आणि पुढच्या दोन पेट्यांचा आवाज वाढविण्याऐवजी थोडा कमीच केला.

हे सारे उरकेपर्यंत मार्गशीर्ष उजाडला. दत्तजयंतीच्या आधीच्या गुरुवारी मी आत्याला हात धरून नेले. ती मुद्दाम सगळ्यांत मागे, खांबाला टेकून बसली. माझ्या पेट्यांवर तिचा अजून विश्वास नव्हता. गल्लीतल्या एका कॉलेजातल्या मुलीने प्रभूंचे एक कन्नड पद धरले. पहिले कडवे झाले, दुसरे सुरू झाले, आणि मागून आत्याचा आवाज आला,

"थांब गं पोरी, अक्षर चुकलं. आणि चाल अशी नाही. इकडे ये, बैस माझ्यापाशी."

मी माइक उचलून मागे घेऊन गेलो.