मावशी तुळजापूरला गेली नव्हती

गेल्या नवरात्रात मी माझ्या मुलीशी खोटं बोलले आणि ते खोटं पाच दिवस निभावलं. त्यात काही चूक आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. उलट आईचं तेच काम आहे, अशी माझी ठाम समजूत होती.

२३ सप्टेंबर २०२५, मंगळवार. आदल्याच दिवशी घट बसले होते. सोलापुरात आमच्या मुलांना सांभाळणाऱ्या मावशी त्या सकाळी आल्या नाहीत. त्यांचं गाव विजापूर रोडच्या बाजूला, सीना नदीच्या काठाला. रोज वडापने येतात आणि साडेआठच्या ठोक्याला दारात असतात. त्या दिवशी फोनही लागेना. दुपारपर्यंत सगळं समजलं. सीनेला कुणी पाहिला नव्हता असा पूर आला होता. माढ्याकडे लोकांना हेलिकॉप्टरने उचलून काढत होते. पुढे पुण्याचा रस्ता लांबोटीजवळ बंद झाला, पाठोपाठ विजापूरचाही. मावशींचं गाव पाण्यात होतं.

थोरली सात वर्षांची आहे. शाळेतून आल्या आल्या तिने विचारलं, "मावशी कुठंय?"

"तुळजापूरला गेली, देवीला."

नवरात्र होतं, पटण्यासारखं होतं. साडेतीन वर्षांच्या धाकट्याने लगेच, मावशी माझ्यासाठी काय आणणार, म्हणून विचारलं. मी म्हटलं, बत्तासे.

हे खोटं माझ्या तोंडून सहज निघालं, कारण त्याची तयारी फार जुनी होती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मीही सात वर्षांची होते. सोलापुरात आमची कौलं खडखडली, फळीवरची भांडी खाली आली. आदल्याच रात्री गणपती बोळवून आम्ही झोपलो होतो. नंतरचे कित्येक दिवस जखमींना आमच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणत होते. घरात दुसरा विषयच नव्हता. कुणाचं सगळं घर गेलं, कोण ढिगाऱ्याखाली किती वेळ जिवंत होतं, हे मोठी माणसं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत आणि मी ऐकत असे. पुढची दोन वर्षं मी भिंतीला पाठ लावून झोपले नाही. भिंत पडेल असं वाटे. आपल्या मुलांच्या कानावर असलं काही पडू द्यायचं नाही, हे मी तेव्हापासून ठरवून टाकलं होतं म्हणा ना.

लग्न झालं, मुलं झाली आणि मी ते कसोशीने पाळलं. घरात मुलांसमोर बातम्या लागत नाहीत. सासूबाई बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायला लागल्या, दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, की मी मध्येच म्हणायची, "आई, नको ना मुलांसमोर." त्या गप्प बसायच्या. मला ते बरोबर वाटायचं. मैत्रिणींनाही मी हेच सांगत आले.

मग तो शनिवार-रविवार आला, २७ आणि २८ सप्टेंबर. पुन्हा अतिवृष्टीचा इशारा, पुन्हा धो धो पाऊस. आमचा जिल्हा अवर्षणप्रवण. इथे पावसाला नावं ठेवायची नसतात. येईल तेवढा येऊ दे म्हणणारी आम्ही माणसं, पण त्या आठवड्यात 'आता थांब रे बाबा' असं सोलापुरात प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं. शनिवारी सहावी माळ. दुपारीच लाईट गेली. खिडकीच्या फटीतून वारा आत यायला लागला आणि अखंड दिव्याची ज्योत आडवी व्हायला लागली, तेव्हा सासूबाईंनी एक जुनी चादर खिडकीवर ताणून बांधली. घटातलं धान तोवर चार बोटं वर आलं होतं, उजेड नसल्यामुळे पिवळसर. धाकटा त्याला दर तासाला पाणी घालायला निघे आणि दर तासाला त्याला अडवावं लागे. बाहेर जाता येत नाही, टीव्ही नाही, मोबाईलची बॅटरी जपून वापरायची. दोन लहान मुलं आणि दोन खोल्या. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना जास्त सांगायला नको.

रविवारी सकाळी मावशींचा फोन आला. माझे हात पिठात होते, म्हणून स्पीकर लावला.

"ताई, कमरंइतकं पाणी हुतं बघा घरात. शाळंत हाओत आमी समदी. आता परत पाणी वाढतंय म्हंत्यात. म्हशींची दावी कापली अन् सोडून दिल्या. दोन आल्या माघारी, एक न्हाई."

मी वळले तर स्वयंपाकघराच्या दारात थोरली उभी. हातात कंगवा. वेणी घालून घ्यायला आली होती.

"म्हणजे मावशी तुळजापूरला गेलीच नव्हती," ती म्हणाली.

ती विचारत नव्हती. मी म्हटलं, "नंतर सांगते." तिने कंगवा ओट्यावर ठेवला आणि गेली. वेणी तिने आजीकडून घालून घेतली.

रात्री विजा सुरू झाल्या. दोन्ही मुलं माझ्याजवळ होती. थोरलीने अंधारात विचारलं, "आपल्या घरात पाणी येणार का?"

"नाही गं. काही होत नाही. झोप."

ती उठली. चाचपडत आजीच्या खोलीत गेली आणि तोच प्रश्न तिने आजीला विचारला. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. या वेळी मी खरं सांगितलं होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, पाणी येणार नव्हतंच. पण माझ्या 'नाही'ला तिच्या लेखी किंमत उरली नव्हती. ती मीच, पाच दिवसांत, घालवली होती.

सासूबाईंनी तिला सांगितलं, "नदी आपल्यापासून लांब आहे. खाली जिन्यापाशी पाणी साचेल, गाड्या भिजतील. वर येणार नाही. मावशीच्या घरात आलं, कारण तिचं गाव नदीला लागून आहे." मग थोरलीने विचारलं, तुझं घर कधी गेलं होतं का. आणि सासूबाईंनी बहात्तरचं सगळं सांगितलं. पाऊस आला नाही म्हणून घराला कुलूप लावून कामावर गेलेली माणसं, तळ्याच्या बांधावर उन्हात बसून खडी फोडणाऱ्या बायका. मी अडवलं नाही. मी पलीकडे पडून ऐकत होते आणि मला अचानक त्र्याण्णव आठवलं, पण नेहमीसारखं नाही. मला आठवलं की त्या दिवसांत मी एकदा आईला विचारलं होतं, "आपली भिंत पडेल का?" आणि ती म्हणाली होती, "काही नाही, झोप." नेमके तेच शब्द. भूकंपाची बातमी मी पचवली असती. मला कुणी, आपली भिंत कशाची आहे, ती का टिकली, पुन्हा हादरा बसला तर कुठे पळायचं, हे सांगितलं असतं तर मी झोपले असते. सगळे डोक्यावरून बोलले, माझ्याशी कुणीच बोललं नाही. तीस वर्षं मी दोष बातमीला देत आले होते.

मी उठून आजीच्या खोलीत गेले आणि थोरलीला म्हटलं, "मी खोटं बोलले. तू घाबरशील असं मला वाटलं."

ती म्हणाली, "मी घाबरलेच होते. मला वाटलं, मावशी आपल्यावर रागावली."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच दिवस ती हे घेऊन फिरत होती.

मग नवऱ्याने विजेचं काम तिच्याकडे सोपवलं. वीज दिसली की मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं. उजेड लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. आकडा लहान व्हायला लागला की खिडकीपासून लांब बसायचं आणि नळाला, प्लगला हात लावायचा नाही. थोरली मोजायला लागली. नऊ आले. "तीन किलोमीटर!" धाकटा आपला एक, दोन, पाच करत होता. एकदा पंधरापर्यंत गेले. वीस आले तेव्हा दोघंही झोपले होते.

सोमवारी तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी सीना काढून दिली. उन्हाळ्यात हत्तरसंग कुडलला सीना-भीमेचा संगम दाखवायला आम्ही मुलांना नेलं होतं. तिच्या लेखी सीना म्हणजे तेवढीच, बारीक धार. एवढीशी नदी गाव कशी बुडवेल, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मी दाखवलं: नदी निघते अहिल्यानगरकडून. तिकडे, बीडला, धाराशिवला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं आधीच भरलेली, त्यांचं पाणी सोडावं लागलं. ते सगळं या एका पात्रात आलं. तिने मावशीच्या गावाला लाल ठिपका दिला आणि शेजारी तीन म्हशी काढल्या, एक जरा लांब.

आमच्या बिल्डिंगमधून पूरग्रस्तांसाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जाणार होती. भाकरी दहा-दहाच्या चवडीने मोजून कागदात बांधायचं काम थोरलीने केलं. एक कोरी वही आणि पट्टी स्वतःहून ठेवली, मावशीच्या नातीसाठी.

सगळंच दाखवायला हवं असं मी म्हणत नाही. पाण्यात वाहून गेलेल्या जनावरांचे व्हिडिओ त्या आठवड्यात मोबाईलवर फिरत होते, ते मी मुलांना दाखवले नाहीत आणि दाखवणारही नाही. तीच दृश्यं दहादा दाखवणाऱ्या बातम्या आमच्याकडे अजूनही बंद असतात. पण मुलाने विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं मी सोडलं आहे. आणि ज्या मैत्रिणींना मी इतकी वर्षं उलटं सांगत आले, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

मावशी ६ ऑक्टोबरला आल्या, कोजागरीच्या दिवशी. थोरलीने दार उघडलं आणि आधी विचारलं, "तिसरी म्हैस सापडली का?"

मावशी खाली बसल्या, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "न्हाई बाई. गेली ती."

थोरली थोडा वेळ त्यांच्या मांडीला टेकून बसली. मग तिने वही आणून ती लांबची म्हैस त्यांना दाखवली.