परदेशची इंग्रजी परीक्षा आणि घरची पंगत

साताऱ्याच्या सरकारी शाळेंत (हल्लींचें प्रतापसिंह हायस्कूल) १९०० सालीं नांव घातलेले डॉ. आंबेडकर मुंबई विद्यापीठाचे बी. ए. होऊन १९१३ सालीं कोलंबियास गेले, तेव्हां परदेशी विद्यार्थ्याचें इंग्रजी मोजणारी टोफेल निघालेली नव्हती. ती १९६४ सालीं आली. आयेल्ट्स १९८९ सालीं. आतां बहुतेक विद्यापीठें हे गुण मागतात, आणि सातारा-सांगलीकडील घराघरांतून त्याची काळजी चालते.

आयेल्ट्समध्यें ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें असे ४ भाग असतात. वाचण्यालिहिण्यास आपलीं मुलें सहसा डगमगत नाहींत. सांगलीस १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज आहे, तेथें इंग्रजी वाचन नवें नव्हे. अडतें तें बोलण्यापाशीं. परीक्षक ११ ते १४ मिनिटें संभाषण करतो. विषय देतो, मिनिटभर विचार करूं देतो, मग ऐकत राहतो. पुढें मत विचारतो, आणि मुलगी गप्प! शब्द सुचत नाहींत म्हणून नव्हे. तिचें मत घरांत मराठींतूनही कोणीं विचारलेलें नसतें. वडील माणसांत बोलूं नये, हें एकत्र कुटुंबाचें जुनें वळण. (तें सर्वस्वीं वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं.) गुण मिळतात ते ओघास, शब्दसंपत्तीस, व्याकरणास व उच्चारास, मत बरोबर कीं चूक, हें परीक्षक पाहत नाहीं. पाठ केलेलीं उत्तरें तर त्याला चटकन ओळखूं येतात.

शिकवणीची फी भरण्यापूर्वीं, आमची सूचना अशी कीं, रात्रीच्या पंगतींत त्या मुलीस एखादा प्रश्न विचारावा, आणि तिचें बोलणें संपेपर्यंत आजोबांनीं मध्यें तोंड घालूं नये.