अनामत ठेवा, मग पार्सल उचला

रायपूरच्या बूढापाऱ्यात, विवेकानंद सरोवराच्या जवळ, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा आणि कॉलेजात जाणारा नातू एकाच खोलीत झोपतात. नातू रात्री उशिरापर्यंत ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळतो. आइसलंडच्या कंपनीने 2003 साली आणलेल्या या खेळात हजारो खेळाडू एकाच अंतराळात व्यापार करतात. विकत घेतलेला माल आपोआप घरी येत नाही, जहाजातून वाहून आणावा लागतो. ही हमालीही खेळाडूच करतात.

“अनोळख्याच्या हाती माल द्यायचा कसा रे?” आजोबांनी विचारले.

नेणाऱ्याने आधी अनामत ठेवायची. माल पोचला की अनामत परत, वर हमाली. जहाज फुटले तर अनामत पाठवणाऱ्याची. आजोबांना गंमत वाटली. व्ही.पी.त पैसे घेणारा भरतो, इथे चक्क पोस्टमनच!

एका रात्री मात्र नातू जेवला नाही. भरघोस हमालीच्या मोहाने त्याने मित्रांची सगळी पुंजी एका पार्सलवर अनामत ठेवली आणि वाटेत जहाज फोडले गेले. फोडणारे पाठवणाऱ्याचेच साथीदार असावेत. नाहीतर नेमके त्याच वाटेवर कसे? पैसे खेळातलेच, पण मित्रांना तोंड कसे दाखवायचे?

आजोबा रागावले नाहीत. “हमाली एवढी का देतोय, हे विचारलं नाहीस?” एवढेच म्हणाले आणि वही काढली. अनामतीला मर्यादा हवी, एका फेरीत सगळी पुंजी नको. ‘रेड फ्रॉग फ्रेट’ या खेळाडूंच्याच वाहतूक संस्थेनेही अशी मर्यादा घातली होती, हे नातवाला तेव्हा आठवले.

दुसऱ्या दिवशी त्याने मित्रांना खरे ते सांगितले. दोघे चिडले, एकजण सोडून गेला. उरलेल्यांची पहिली फेरी अगदी स्वस्तातली होती. जहाज पोचेपर्यंत आजोबा चष्मा लावून पडद्यासमोर बसून होते.