जमिनीखालचे हमसाये

पश्चिम ऑस्ट्रेलियात दोन जीव नामशेष होण्याच्या काठावर आहेत. एक ऑर्किड आणि दुसरा पोटाला पिशवी असलेला छोटा प्राणी, गिल्बर्टचा पोटोरू.

हे ऑर्किड जन्मभर जमिनीखाली राहतं, फुलतंही तिथेच. त्याला हिरवं पान नाही, त्यामुळे स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. एक बारीक बुरशी शेजारच्या झुडपाच्या मुळांतून अन्न आणून त्याला पुरवते. १९२८ मध्ये कॉरिगिन गावाजवळ एका शेतकऱ्याला ते पहिल्यांदा सापडलं. त्या भागातलं बरंचसं रान गव्हाच्या शेतीसाठी साफ झालं आणि झुडपांबरोबर ऑर्किडही गेलं.

पोटोरू जेमतेम किलोभर वजनाचा. शंभरहून अधिक वर्षं कुणाला दिसला नाही, तेव्हा तो संपला असंच लोकांनी धरलं. १९९४ मध्ये टू पीपल्स बे इथे तो पुन्हा सापडला. त्याचं खाणं बहुतेक सगळं जमिनीखालची भूछत्रं. तो ती उकरून खातो आणि विष्ठेतून त्यांचे बीजाणू रानभर पसरवतो.

आठवीच्या वर्गात मी विचारलं, "पैसे एकालाच वाचवण्यापुरते असतील तर कुणाला वाचवाल?" जवळपास सगळे हात पोटोरूसाठी वर झाले. पिशवीतलं पिल्लू कुणाला आवडणार नाही? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण टीचर, दोघांनाही जेवू घालते ती बुरशीच ना?"

दोघांची बुरशी वेगवेगळी. पण तिचं म्हणणं खरं होतं.

२००५ मध्ये काही पोटोरू बाल्ड बेटावर नेऊन ठेवले. २०१५ मध्ये टू पीपल्स बेच्या रानात वणवा पेटून त्यांचा बहुतेक अधिवास जळाला, तेव्हा बेटावरचे सुरक्षित राहिले. ऑर्किडला असं उचलून नेता येत नाही. त्याच्यासोबत झुडूप हवं, बुरशी हवी. म्हणजे शेजारासकट सगळं बिऱ्हाडच न्यावं लागेल.

उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, म्हणजे एकाच सावलीत राहणारा. मुलांना मी तोच शब्द फळ्यावर लिहून दिला. पोटोरू गोजिरवाणा म्हणून त्याच्यासाठी लोक धावतात, आणि धावावंच. पण त्याच्या ताटात वाढणारी बुरशी जमिनीखाली आहे, आणि ती जगते रान उभं असेपर्यंतच.