दमसास

'दम' हा शब्द मराठीत फार राबतो. धावताना तो लागतो, संकटात तो धरावा लागतो, चढावर मध्येच तो खावा लागतो आणि थोरली माणसे धाकट्यांना तो देतातही! पण या सगळ्या दमांपेक्षा मला जवळचा वाटतो तो दमसास. तालमीतला वस्ताद नुसती पोराची छाती अन् दंड पाहून खूश होत नाही. लढत लांबली म्हणजे पोराचा श्वास कसा चालतो, तिकडे त्याचे लक्ष असते.

आमचे कराड म्हणजे लाल मातीचा मुलूख. जवळच गोळेश्वर. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. अशा गावात वाढूनही दमसास म्हणजे काय, याचा खरा विचार मी केला तो घरात आजारपण आल्यावर.

गेल्या पावसाळ्यात अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. वय ५१. सव्वीस वर्षे मालट्रक चालवलेला माणूस. हृदयाच्या एका धमनीत जाळी बसवून आठवड्याने ते घरी आले आणि पाठोपाठ समाचाराला माणसे आली. प्रत्येकाचा सल्ला एकच : "आता ह्यांना जागचं हलू देऊ नका." आई पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देऊ लागली. अण्णांनाही ते पटले होते. ते म्हणाले, "इंजिन आहे ते, बाळ. जेवढं पळवशील तेवढं झिजणार. आता जपून वापरायचं."

डॉक्टरांच्या कागदावर मात्र औषधांच्या खाली लिहिले होते : रोज चालणे. आधी पाच मिनिटे, मग हळूहळू वाढवत. आणि एक नियम : चालताना बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग कमी करायचा, छातीत दुखले की तिथेच थांबून कळवायचे. मी कॉलेजच्या क्रॉसकंट्री संघात धावते, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

अण्णांची इंजिनाची उपमा माझ्या मनातून जाईना. मग शारीरिक शिक्षणाच्या सरांकडून पुस्तके आणली आणि वाचू लागले. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. माणूस जोरात धावू लागला की तेच हृदय वीस लिटरपर्यंत जाते. पोटाकडे जाणारा ओघ आखडतो आणि बहुतेक रक्त राबणाऱ्या स्नायूंकडे वळते. जेवून लगेच धावू नये असे म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

खरी गंमत पुढेच आहे. महिनोन् महिने सराव केला की हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो, त्यात जास्त रक्त मावते, आणि एकेक ठोका भरदार होतो. स्नायूंमध्ये केसासारख्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि आलेल्या रक्तातला प्राणवायू अधिक वेचून घेतला जातो. सरावाने हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वाढत नाही. सरावलेले हृदय ओळखू येते ते विश्रांतीच्या वेळी, कारण ते सावकाश चालते. मुरलेल्या धावपटूंची नाडी निवांत असताना मिनिटाला चाळीस-पन्नासच पडते.

मी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजते. जूनमध्ये सराव सुरू केला तेव्हा ७८ होती, डिसेंबरात ६४ झाली. कला शाखेची विद्यार्थिनी असले तरी एवढे गणित मला येते! मिनिटाला १४ ठोके कमी, म्हणजे दिवसाला २०,१६० कमी. अर्धा तास धावताना नाडी १६० धरली, तर त्यासाठी २,८८० ठोके जादा लागतात. ते वजा केले तरी दिवसाकाठी १७,२८० ठोके शिल्लक राहतात. हा हिशेब मी अण्णांना सांगितला. डिझेलचा हिशेब ठेवणारा माणूस! बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे हे इंजिन पळवल्यावर अॅव्हरेज वाढवतं म्हण की!"

समाचाराला येणाऱ्यांचा सल्लाही अगदी निराधार नव्हता. एके काळी डॉक्टरच अशा रोग्याला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवीत. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी रोग्यांना लवकर उठवून खुर्चीत बसवले. तेवढेही तेव्हा धाडस वाटले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ड्रायव्हर मुळातच जाड अंगाचे होते, हेही त्यांनी पुढे गणवेशांची मापे पाहून नोंदवले. तरी श्रमाने हृदय राखले जाते, ही गोष्ट पुढच्या अनेक अभ्यासांत टिकली. हे वाचताना मला ट्रकच्या टपावर चढून दोर आवळणारा अण्णांचा क्लीनर दिसला, आणि सव्वीस वर्षे स्टेअरिंगमागे बसलेले अण्णाही.

हे सारे वाचले म्हणून भीती गेली असे नाही. पहिल्या दिवशी विजेच्या दुसऱ्या खांबापाशी अण्णा थांबले, तेव्हा माझेच काळीज त्यांच्यापेक्षा जोरात धडधडत होते. हृदयाचा जो भाग मेला तो काही परत उगवत नाही. पण उरलेले हृदय शिकू शकते आणि पायांचे स्नायूही शिकतात. आणलेला प्राणवायू पाय नीट वापरू लागले, की तेवढ्याच चालीला हृदयावर कमी ओझे पडते.

शिवाय तो बोलण्याचा नियम. अण्णा महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर, त्यामुळे आमचे बोलणे म्हणजे "जेवलीस का?" आणि "फी भरली का?" आता नियमच होता म्हणून बोलावे लागले. खंबाटकीच्या घाटात ब्रेक तापले ती रात्र, मेलेला एक क्लीनर, मी झाल्याचा निरोप त्यांना हुबळीला मिळाला तो ढाबा, हे सगळे मी पहिल्यांदा ऐकले. एकदा त्यांनी विचारले, "तुझा विषय कुठला गं?" मी तिसऱ्या वर्षाला! "मराठी," मी म्हटले. "मग त्यात शिकायचं काय? मी पण मराठीच बोलतो की." आणि ते हसले. हसतानाही त्यांचा श्वास तुटला नाही, हे मी मनात टिपून ठेवले.

आता अण्णा प्रीतिसंगमापर्यंत जाऊन येतात, चाळीस मिनिटे, न थांबता आणि बोलणे न तुटता. ट्रकवर परत जायचे की नाही, ते पुढच्या तपासणीनंतर ठरेल. घरखर्चाचा प्रश्न त्यावर अडला आहे, म्हणून त्या तारखेकडे आम्ही सगळेच डोळे लावून आहोत. पण "मी आता निकामी" हे वाक्य घरात पुन्हा ऐकू आलेले नाही.

वाचकमित्रहो, जाता जाता एक गोष्ट खास आपल्यासाठी. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरी विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. त्यांचा दमसास पाव हिश्श्याहून अधिक घटला. ३० वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. ३० वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केले होते! मग सहा महिने सराव करून, पन्नाशीतही, त्यांनी वयाने नेलेला दमसास परत मिळवला.

ते पाचही जण तेव्हा आपल्याच वयाचे होते. परीक्षा महिन्यावर आली आहे. अभ्यासाच्या रजेत खोलीचे दार लावून, गादीवर पुस्तक घेऊन पडून राहण्याचे तीन आठवडे आपल्याही वाट्याला येणार आहेत. संध्याकाळी अर्धा तास ते दार उघडा आणि चालायला निघा. जमल्यास घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या, आणि बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला.