कागदावरचं कुत्रं

माझ्या मोटारीच्या विम्याच्या फायलीत एक कुत्रं आहे. क्लेम फॉर्मवर 'अपघात कसा घडला' या रकान्यात एजंटाच्या वळणदार अक्षरात लिहिलंय : अचानक कुत्रा आडवा आल्याने त्यास वाचविण्याच्या प्रयत्नात वाहन रस्त्याकडेच्या दगडावर आदळले. खाली माझी सही. क्लेम विनातक्रार पास झाला.

त्या संध्याकाळी आष्टा-इस्लामपूर रस्त्यावर कुत्रं नव्हतं. होता तो एक दूधवाला, त्याची मोटारसायकल आणि दोन्ही बाजूंना टांगलेल्या दुधाच्या किटल्या. त्यातलं काहीच फॉर्मवर नाही.

मी खतं-औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम करतो. कृषी सेवा केंद्रांना माल द्यायचा आणि महिनाअखेर आली की वसुलीसाठी त्यांच्याच मागं लागायचं. सांगली, तासगाव, पलूस, वाळवा एवढा टापू. या धंद्यात गाडी हेच ऑफिस. मागच्या सीटवर सॅम्पलच्या बाटल्या, पुढं बिलबुकं, आणि फोन कायम मांडीवर. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही म्हटलं तर धंदा करायचा कधी, असं मी खुशाल बोलून दाखवायचो. वर अंगात मस्ती अशी की, भाचा मोटारसायकलवर मान तिरकी करून, खांद्यात फोन दाबून चाललेला दिसला तेव्हा त्याला चारचौघांत झापला होता. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं हे सरळ 'धोकादायक वाहन चालवणं' धरलेलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजारांचा दंड, वर्षभरापर्यंतची कैदही होऊ शकते. हे मी त्याला तोंडपाठ सुनावलं. स्वतःला मी त्यात धरलंच नव्हतं. मला सवय आहे, रस्ता पाठ आहे, असा हिशोब.

आता वाटतं, रस्ता पाठ असणं हीच मेख होती. अनोळखी घाटात मी कधी फोनला हात लावला नाही. तिथं भीती असायची. आष्ट्याचा रस्ता मात्र घरच्यासारखा, त्यामुळे डोळे बिनघोर दुसरीकडं जायचे.

2021 चा डिसेंबर. साखर कारखाने जोरात सुरू होते. ज्यांनी हा भाग हंगामात पाहिलाय त्यांना सांगायला नको : एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, रस्ताभर पडलेलं वाडं आणि पाचट, आणि पुढच्या ट्रॉलीला मागं दिवा असेलच याची खात्री नाही. दिवेलागणीच्या वेळी तिथं डोळ्यांत तेल घालून गाडी चालवावी लागते. मी बँकेच्या पावतीचा फोटो बघत होतो.

एका दुकानदारानं थकबाकी भरल्याची पावती व्हॉट्सॲपवर पाठवली होती. फोटो हललेला. आकडा एक लाख चाळीस हजार की एक लाख चार हजार, कळेना. महिनाअखेर होती, टार्गेटला थोडंच कमी पडत होतं, आणि त्या छत्तीस हजारांवर माझं बरंच काही अवलंबून आहे असं मला त्या क्षणी वाटत होतं. फोन डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्टिअरिंग गुडघ्याला टेकलेलं. आज लिहिताना हे भयंकर वाटतंय, तेव्हा ते रोजचं होतं. साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. मी चार सेकंद मान खाली घातली असेल तर सदुसष्ट-अडुसष्ट मीटर गाडी कुणी चालवतच नव्हतं.

आकडा एक लाख चाळीसच होता. तो वाचला आणि आवाज झाला.

गाडी डावीकडं ओढली गेली होती. दूधवाला त्याच्या बाजूनं, कडेकडेनं, बिचारा सरळ चालला होता. त्याच्या मागच्या चाकाला माझ्या बंपरचा कोपरा लागला, मी बावचळून ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही एकदम मारलं आणि गाडी किलोमीटरच्या दगडावर गेली. खाली उतरलो तर एक किटली रस्त्यावर आडवी होऊन गरगरत होती आणि दूध पाचटातून वाट काढत शेताकडच्या उताराला लागलं होतं. तो उठायला बघत होता. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "आधी ती किटली उभी करा की."

माणसं जमली. पहिल्यानं विचारलं, "काय झालं?" आणि माझ्या तोंडातून आलं, "कुत्रं आडवं आलं."

मी ते ठरवून बोललो नव्हतो. पण एकदा बोलल्यावर ते कुत्रं माझं झालं. दूधवाल्याला मागून धडक बसलेली, त्याला काही दिसायचा प्रश्न नव्हता. बघणारं दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या काही दिवसांत कुत्र्याला अंग फुटत गेलं. बायकोनं विचारलं, कुठल्या रंगाचं होतं? काळं, मी म्हणालो. म्हणून तर अंधारात दिसलं नाही. ऑफिसात सांगताना ते उसातून आलं. साहेबांना सांगेपर्यंत त्याच्या मागं दुसरं एक कुत्रं लागलेलं होतं.

दूधवाल्याच्या नडगीत रॉड घातला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यानं पडल्या पडल्या विचारलं, "साहेब, कुत्रं वाचलं न्हवं?" वाचलं, मी म्हणालो.

पोलिसांत गेलं नाही. आमच्याकडं अशा वेळी गावातलं कुणीतरी जाणतं माणूस पुढं होतं आणि 'मिटवून टाका' म्हणतं. कोर्टकचेरीला दोन्ही बाजू भितात. दवाखान्याचं बिल आणि वर साठ हजार रुपये यावर मिटलं. मला ते फार माणुसकीचं वाटलं होतं. मी पळून गेलो नाही, पिकअपमध्ये त्याच्याबरोबर बसून गेलो, खिशातून पैसे दिले. अशी माणसं हल्ली असतात का? आणि एजंट म्हणाला, इजा झाल्याचं फॉर्मवर घातलं की एफआयआर मागतील, कुत्रं आणि दगड एवढंच ठेवू. जे कुत्रं नव्हतं ते कागदावर आलं आणि जो माणूस होता तो कागदावरून गेला.

यातलं खरं नुकसान मला फार उशिरा कळलं. तृतीय पक्ष विमा हा सक्तीचा असतो तो अशाच माणसासाठी. पोलिसांत नोंद झाली असती तर त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता आला असता. उपचारांचा खर्चच काय, पण बुडालेलं उत्पन्न, पायात राहिलेलं अधूपण, सगळ्याचा हिशोब तिथं होतो. त्याचा सकाळ-संध्याकाळचा दुधाचा रतीब त्याच्या मेहुण्याकडं गेला तो कायमचा. साठ हजारांत ते कुठून बसणार?

दोनेक वर्षांनी मी त्याला खरं सांगितलं. रडारड होईल, शिव्या खाव्या लागतील, असं काय काय मनात घेऊन गेलो होतो. तो गोठ्यात वैरण टाकत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तवाच सांगायचं हुतं. केस केली असती तर इन्शुरन्सवाल्यानं दिलं असतं की. तुमच्या खिशातलं घ्यायला लाज वाटली म्हणून कमी मागितलं आम्ही." वैरण टाकून झाल्यावर चहा पाजला. त्या चहाबद्दल मी काही लिहिणार नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. कारणांच्या तक्त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू 'अतिवेग' या नावावर, आणि मोबाइलच्या नावावर जेमतेम दोन टक्के. पूर्वी हे वाचून मला हायसं वाटलं असतं. आता मला प्रश्न पडतो की त्या तक्त्यात किती कुत्री असतील. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून येतात. वेग गाडीच्या चेंबलेल्या पत्र्यावरून, ब्रेकच्या खुणांवरून ताडता येतो. चालक कुठं बघत होता हे एकट्या चालकालाच माहीत असतं, आणि तो एकतर मेलेला असतो किंवा माझ्यासारखा असतो. माझा अपघात तर कुठल्याच रकान्यात नाही.

दुसरी चूक पहिलीची दुरुस्ती म्हणून केली, म्हणून ती जास्त लागते. अपघातानंतर मी डॅशबोर्डला स्टँड बसवला, कानात ब्लूटूथ घातला. 2020 पासून नियमच आहे की चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघण्यापुरता वापरायचा, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. तो मी पाळत होतो. हात दोन्ही स्टिअरिंगवर, नजर समोर. आता काय होतंय?

इस्लामपूरच्या अलीकडे एका शाळेसमोर एक बाई हात आडवा करून उभ्या होत्या, मागं पोरांची रांग. मी कानातल्या दुकानदाराशी उधारीवरून हुज्जत घालत होतो. बाई मला दिसत होत्या. म्हणजे माझे डोळे त्यांच्याकडंच होते. त्यांच्या साडीचा रंगही मी सांगू शकलो असतो. पण थांबायचंय हे डोक्यात शिरलंच नाही. अगदी शेवटी पाय ब्रेकवर गेला. बाईंनी बॉनेटवर थाप मारली आणि काचेजवळ येऊन म्हणाल्या, "आंधळे आहात का?" कानात दुकानदार अजून बोलत होता.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचायला घेतलं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर यांनी वर्षानुवर्षं यावरच काम केलंय. हातात धरलेला फोन आणि कानातला फोन, दोन्हींचा चालकावर होणारा परिणाम त्यांना जवळपास सारखाच आढळला. टोरांटोच्या रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी 1997 मध्येच खऱ्या अपघातांचे आणि फोनबिलांचे तपशील ताडून दाखवलं होतं की फोनवर असताना टक्कर होण्याचा धोका चौपट होतो आणि हात मोकळे ठेवून फायदा दिसत नाही. स्ट्रेयर यांच्याच 2015 च्या एका अभ्यासात निघालं की गाडीतल्या बोलून चालवायच्या यंत्रणांशी बोलणं थांबल्यावरही लक्ष पुरतं रस्त्यावर यायला काही वेळा 27 सेकंद लागतात. साठच्या वेगाला ते होतात साडेचारशे मीटर. म्हणजे फोन ठेवला ते अलीकडच्या फाट्यावर आणि भानावर आलो ते शाळा ओलांडून. शेजारी बसलेल्याशी बोलण्याचं एवढं होत नाही, कारण त्यालाही रस्ता दिसतो. ओव्हरटेक करताना माझी बायको वाक्य अर्धं सोडून गप्प होते. दुकानदाराला काय माहीत समोर शाळा आहे?

मग फोन मागच्या सीटवर, बॅगेत. सुरुवातीला हात सारखा मांडीकडं जायचा; तंबाखू सुटलेल्या माणसाचा खिशाकडं जातो तसा. एक-दोन ऑर्डरी हुकल्या. बाकी धंदा होता तेवढाच राहिला, याचं खरं तर थोडं वाईटच वाटलं.

एवढं करून मी साळसूद झालो म्हणावं, तर मधल्या काळात बढती मिळाली. हाताखाली फील्डवर फिरणारी पोरं आली. आणि मी काय करू लागलो? तेच, पलीकडच्या बाजूनं. सकाळी दहाला, "कुठं पोचलास?" अकराला, "तासगाव झालं का?" दुपारी, "लोकेशन टाक." फोन दोन रिंगमध्ये उचलला नाही की माझ्या कपाळाला आठी. एकदा एका पोराच्या आवाजामागं वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला. विचारलं तर म्हणाला, "नाही साहेब, थांबलोय." हे माझ्याच कुत्र्याचं पिल्लू होतं, मी लगेच ओळखलं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो, "गाडीवर आहेस का?" हो म्हणाला की मी फोन ठेवतो. ग्रुपवर तसं लिहूनही टाकलं : चालवताना फोन उचलू नये, साहेबांचा तर मुळीच नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मागच्या महिनाअखेरीला एकाला फोन लावला. त्यानं पहिल्या रिंगला उचलला. "बोला साहेब, रिकामाच आहे." मागं इंडिकेटरची टिकटिक स्वच्छ ऐकू येत होती. मी काही न बोलता फोन ठेवला. साहेब रागावले असं वाटून त्यानं लगेच उलट लावला, मी उचलला नाही. पुन्हा लावला. मग ऑफिसात लावून विचारलं की, साहेबांचं काही बिनसलंय का. हे तिन्ही फोन त्यानं पलूस ते कुंडल या टप्प्यात, गाडी न थांबवता केले.