आधी वाटीत, मग भांड्यात

अंडं आधी वाटीत फोडायचं, वास घ्यायचा, मगच भांड्यात ओतायचं. पाचवं नासकं निघालं तर आधीची चार वाया जाऊ नयेत, एवढंच त्यामागचं शास्त्र. ज्यांच्या घरात अंडं चालत नसे, त्यांच्याकडे परसात वेगळा स्टोव्ह, वेगळा तवा, कान तुटलेला कप आणि टरफलं गुंडाळायला कालचा पेपर.

तपासण्याही घरच्याच. पाण्यात तरंगलं तर टाकायचं. कानाशी हलवायचं. कंदिलासमोर धरायचं. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसायचं, धुवायचं नाही. टरफलाला बारीक छिद्रं असतात आणि गार पाण्याबरोबर घाण आत ओढली जाते, हे आम्ही फार नंतर वाचलं.

म्हणून ‘गावठी म्हणजे शुद्ध’ असं म्हणत दुप्पट पैसे मोजणाऱ्यांचं हसू येतं. डालग्याखालची आमची कोंबडी दिवसभर उकिरडाच उकरायची. तालमीतली पोरं दुधात कच्चं अंडं फोडून गटागटा प्यायची. पोट बिघडलं की दोष दृष्टीला, नाहीतर आदल्या रात्रीच्या भज्यांना. साल्मोनेला या जंतूचं नाव कुणाला ठाऊक? त्याची एक जात तर कोंबडीच्या अंडाशयातूनच, टरफल चढण्याआधी आत शिरते. तिथे पाणी, कान, कंदील सगळे हरतात. पिवळा बलक घट्ट होईस्तोवर शिजवणं, एवढाच उपाय.

फरक होता तो आकाराचा. आमचं नासकं अंडं एका घराचं आम्लेट बुडवायचं. २०१० साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोनच कंपन्यांच्या अंड्यांत साल्मोनेला निघाला आणि ५० कोटींहून जास्त अंडी बाजारातून परत बोलवावी लागली. एवढ्यांना वाटी कुठून आणणार?

आपल्याकडे १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली, मग टीव्हीवर जाहिराती, मग तीस-तीसचे ट्रे. अंडं गरिबाच्या ताटात आलं, हे तिचं मोठंच देणं. पण फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्रींत बर्ड फ्लू सापडला, देशात पहिल्यांदाच. लाखो कोंबड्या मारल्या, अंडी नष्ट केली. ज्यांनी पोल्ट्रीचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या आसपासच्या परसांतल्या कोंबड्याही गेल्या. नीट शिजवलं तर विषाणू मरतो, असं डॉक्टर कंठशोष करून सांगत होते. तरी गिऱ्हाईक फिरकेना. मग धंदेवाल्यांनी ठिकठिकाणी फुकट चिकन-अंड्यांचे मेळे भरवले. तिथे मात्र ही गर्दी! भीती बहुधा विकत घेण्यापुरतीच होती.